उकंडाचे डोळे

"भाऊ, वर पाहा. माह्याकडे नका पाहू, आढ्याकडे पाहा," म्हणत सुरभीनं उकंडाची पापणी अंगठ्यानं उचलली.

उकंडा खाटेवर बसला होता. सकाळी दुसऱ्याच्या वावरात फवारणीला गेला, दोन पंप मारले आणि धुऱ्याच्या बांधावरच ओकला. त्याची बायको तुळसाबाई घाबरली आणि तिनं गावच्या आशाताईला, म्हणजे सुरभीला, निरोप धाडला. सुरभी तेव्हा स्वतःच्याच वावरात होती. नवरा फवारत होता, ती ड्रममध्ये औषध कालवून त्याला पंप भरून देत होती. हातमोज्यांचा एकच जोड होता, तो तिनं नवऱ्याला घालायला लावला होता. निरोप ऐकला आणि ती ढवळायची काडी टाकून तशीच धावत निघाली.

"ताई, मले काही नाही झालं," उकंडा म्हणाला. "कालची शिळी भाजी खाल्ली, ते बाहेर पडली. चहा पाजा, उठतोच मी."

सुरभीला आठवलं, भगवानरावही असंच म्हणाले होते.

मागच्या साली, कापूस असाच डोक्याच्या वर गेला होता तेव्हा, तेही फवारूनच आले होते. "ऊन लागलं असन, ताई," असं ते हसत म्हणाले, आणि तिनंही मान डोलावून लिंबू-साखरेचं पाणी पाजलं. मग मनाला चैन पडेना म्हणून त्यांच्या डोळ्याचा फोटो काढून दवाखान्यात पाठवला. रेंज नव्हती. फोटो पोचला संध्याकाळी, आणि तोवर भगवानराव गेले होते. डॉक्टरांचं उत्तर तेवढं आलं, ताबडतोब घेऊन या. तो फोटो अजून तिच्या फोनमध्ये होता. पुसावा म्हटलं तरी हात धजत नव्हता. त्यांचं घर लागू नये म्हणून वर्षभर ती गावाला वळसा घालून हिंडायची. आज घाईत त्याच घरावरून आली होती, आणि ओट्यावरून कोणीतरी आपल्या मागं निघालंय असं तिला थेट उकंडाच्या दारापर्यंत वाटत राहिलं.

"इथं एवढा अंधार काहून आहे? काही दिसूनच नाही राह्यलं," ती म्हणाली.

"अंधार?" तुळसाबाईनं सताड उघड्या दाराकडं पाहिलं. "खाटेपर्यंत ऊन आलं ना, बाई."

"उन्हातून आली मी, म्हणून असन." सुरभीनं पदरानं तोंड पुसलं. घामानं सरकलेली हिरवी टिकली अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवली आणि फोन काढला.

मागच्या साली फवारणीनं झालेल्या मरणांनंतर तालुक्याच्या दवाखान्यानं आशाताईंना एक नंबर दिला होता. त्यावर डॉक्टर व्हिडिओवर पेशंट पाहून काय ते सांगायच्या. सुरभीनं तो नंबर आजवर लावला नव्हता. फोटो काढताना धरायची तसाच, स्क्रीन आपल्याकडं ठेवून, तिनं फोन उकंडासमोर धरला. दोन रेघा रेंज होती. तिनं मनातल्या मनात हात जोडले.

"बोला ताई," पलीकडून बाईंचा आवाज आला. "चित्र अडकतंय. काय झालंय?"

"मॅडम, फवारणीचा पेशंट आहे. डोळे पाहा जरा."

"एवढ्या लांबून नाही दिसणार. जवळ घ्या."

सुरभीनं फोन उकंडाच्या तोंडापाशी नेला. स्क्रीनवर नुसतं धुकं दिसत होतं. स्वस्तातला फोन, त्याला तरी काय बोलणार? ती वाकली आणि स्क्रीनला अगदी नाक लागेल इतकी जवळ गेली.

"हां, आता दिसले," डॉक्टर म्हणाल्या. "असेच ठेवा, हलवू नका."

"आपल्याच्यानं एवढा वेळ डोळे मोठे नाही ठेवल्या जात बुवा," उकंडा डोळे वटारून म्हणाला. तुळसाबाईला हसू आलं.

"गप बसा भाऊ," सुरभी ओरडली. तिला रडू फुटायला आलं होतं. नाकातून पाणी यायला लागलं होतं.

"बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात," डॉक्टरांचा आवाज बदलला. "पापणी फडफडतेय. घाम आहे?"

उकंडाचा सदरा पाठीला चिकटला होता. "आहे, मॅडम."

"तोंडाला पाणी सुटतंय?"

उकंडा मघाशीच दाराबाहेर थुंकून आला होता. "हो मॅडम, सुटून राह्यलं."

"विष भिनलंय. अंगावरचे कपडे लगेच काढा, साबणानं अंग धुवा. गाडी राळेगावहून निघतेय, अर्ध्या तासात पोचेल. तोवर एकटं सोडू नका."

"मले कायले नेता?" उकंडा कुरकुरला. तुळसाबाईनं चहाचा कप त्याच्या हातात दिला होता आणि तो फुर्र करून पीत होता.

सुरभीनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचा धोंडा हलल्यासारखा वाटला. ह्या वेळी उशीर झाला नाही, भगवानराव, ती मनात म्हणाली. मळमळत होतं, पाय लटपटत होते, पण ते भीतीनं असणार, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतंच. तिनं खाटेचा खूर धरला. फोन मात्र डोळ्यांसमोरून हलवला नाही.

"गाडीवाल्याला नाव कळवायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "पेशंटचं नाव?"

"उकंडा, मॅडम."

"पुरुष आहे?"

"हो. पन्नाशीचे आहेत."

 रेंज गेली की काय, म्हणून सुरभीनं दोनदा हॅलो म्हटलं.

"ताई," डॉक्टर अगदी सावकाश म्हणाल्या, "मग मला दिसताहेत त्या डोळ्यांच्या मधोमध हिरवी टिकली कशी?"