तलावावरचं स्थळ

"इथे सावली आहे, मासा नाही," शामकांत करवादले.

राजसने तरीही खुर्च्या छपराखालीच मांडल्या. "मावशीला ऊन बाधतं, काका."

तिकीट काढून मासे धरायचं तळं होतं ते. मालकाने सकाळीच टबांतून जिताडे आणून सोडले होते. इथे सिंगापुरात त्यांना सी-बास म्हणतात. शामकांत अलिबागकडचे. गावच्या तळ्यात जिताडे वाढताना त्यांनी लहानपणी पाहिले होते. पुढे सगळं आयुष्य जहाजांची इंजिनं सांभाळण्यात गेलं, पण मासा कुठे थांबतो हे ते विसरले नव्हते. आणि या मुलाला समोर पंपाचं ताजं पाणी पडतंय तेसुद्धा दिसत नव्हतं.

"बाबा, तुम्ही सरोजिनीताईंजवळ बसा ना," जाई म्हणाली.

"मला मुलाजवळ बसू दे."

शुक्रवारी जाई एवढंच म्हणाली होती, रविवारी स्थळ बघायला जायचंय. मग तिने त्यांच्या निळ्या शर्टाला इस्त्री केली. शामकांतांना हायसं वाटलं. तिची आई गेल्यापासून ती आलेलं प्रत्येक स्थळ परत पाठवत होती. तुम्ही एकटे पडाल, हेच तिचं कारण. चौतीस वर्षांची पोर आपल्यापायी बिनलग्नाची राहणार, या विचाराने त्यांना स्वतःचाच संताप येई. आज तो राजसवर निघत होता.

"पास कुठला?"

"पीआर आहे, काका. कायमचा रहिवासी."

"घर?"

"टॅम्पिनीसला. फोर-रूम फ्लॅट."

"दारू?"

राजस गोंधळला. "मी कधीतरी घेतो. मावशी अजिबात नाही."

"मावशीचं कोण विचारतंय!"

सरोजिनीताईंनी डोक्यावर टोपी चढवली, रॉड उचलला आणि भर उन्हात पंपाजवळ जाऊन बसल्या.

"बघ! तुझ्या मावशीला कळतं मासा कुठे आहे ते. आणि तू बसलायस इथे कोल्ड्रिंकच्या फ्रीजला टेकून!"

जाईचा चेहरा खुलला. "त्यांना जाऊन सांगा ना तसं."

"यालाच सांगतोय मी!"

राजस उठला आणि त्याने घाईघाईने गळ फेकला. तो पाण्यात पडण्याऐवजी छपराच्या पत्र्यात अडकला. त्याने हिसका दिला. पत्रा खडखडला.

"केअरफुल लाह!" मालक आतून ओरडला.

"काका, तुम्ही जरा सोडवता का?" राजस ओशाळून हसला.

त्या हसण्याने शामकांतांचं डोकंच फिरलं. ते उभे राहिले.

"बस झालं! जाई, चल घरी. आणि कान उघडे ठेवून ऐक, हे स्थळ मला पसंत नाही. नाही म्हणजे नाही!"

आवाज पाण्यावरून पार पलीकडे गेला. दोन-तीन माणसं वळून बघू लागली.

जाई मटकन खुर्चीत बसली. "बाबा, राजसचं लग्न होऊन चार वर्षं झाली."

"काय?"

तोवर सरोजिनीताईंनी दोरी गुंडाळली होती. त्या सावकाश चालत आल्या आणि रॉड भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या.

"नकार तोंडावर दिलात, ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण बघायला मला आलात, आणि प्रश्न मात्र सगळे माझ्या भाच्याला विचारलेत."