डंकनभाऊंचा मुक्काम

मुलांनो, कल्पना करा. पवनेच्या पात्रात तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे आहात. सायकल शेजारी आडवी पडली आहे, पायातला एक बूट वाहत निघाला आहे आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायका पोट धरून हसताहेत. आता अशीही कल्पना करा, की तुमचं घर, तुमची आई, सगळं दूर स्कॉटलंडात आहे आणि या बायका काय बोलताहेत ते तुम्हाला निम्मंच कळतंय.

डंकनचं तसंच झालं होतं.

"डंकनभाऊ, सायकल धुवाया आनली व्हय?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"व्हय," डंकन म्हणाला. "बूटपण."

हशा दुप्पट झाला. सायकली दुरुस्त करणाऱ्या बरकतची धाकटी मुलगी खैरून पाण्यात धावली आणि बूट पकडून घेऊन आली.

डंकन मिशनच्या कामासाठी रावेतला राहत होता. ते १९५४ साल होतं. तिकडे पिंपरीला कारखान्याच्या भिंती वर चढत होत्या, पण रावेतला अजून पहाटे मोटेच्या कुरकुरीनेच जाग येई. सकाळी डंकन पोरांच्या खरजेला मलम लावी. दुपारी त्यांना बेरजा शिकवी. संध्याकाळी आबाजींच्या मळ्यात मोट हाकायला जाई आणि बैलांशी आपल्या देशाच्या बोलीत गप्पा मारी. बैलांना ती बोली कळते, असं आबाजी शपथेवर सांगत.

रविवारी मात्र तो काळा कोट घालून प्रार्थनेची घंटा वाजवायचा. प्रार्थनेला खैरूनची शेळी तेवढी यायची. तीही दारातल्या शेवग्याचा पाला खायला.

एके दिवशी सायकलच्या साखळीला तेल घालताना तो खैरूनला म्हणाला, "पुढच्या रविवारी पुण्याहून थोरले पाद्रीसाहेब येणार. बाईसाहेब येणार. त्यांची पुतणी हेलन येणार. मी इथं राहायचं की परत जायचं, ते ठरवणार."

"तुला जायचंय?"

"न्हाई गं. पण त्यांना दाखवू काय? माझ्या प्रार्थनेला कोण येतं?"

"शेळी."

"हां. शेळी."

खैरून हसली नाही. ती तडक कौशल्याबाईंच्या दारात गेली आणि ऐकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"कोन कोन येतंय म्हनलीस?" कौशल्याबाईंनी विचारलं.

खैरूननं पुन्हा सांगितलं. कौशल्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि त्या उठून आबाजींकडे गेल्या.

"पोरगं एकटं पडलंय," त्या म्हणाल्या. "हितं ना आई, ना बाप. त्याच्या बाजूनं बोलायला कुनी नगं का?"

"नगं कसं?" आबाजी म्हणाले. "गाव काय मेलंय का?"

रविवारी चिंचवड स्टेशनवरून टांगा आला. पाद्रीसाहेब खाली उतरले आणि जागच्या जागी थबकले. अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, आत पाय ठेवायला जागा नाही. पुरुषांच्या डोक्यावर धुतलेले पटके होते. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. बरकत नवी टोपी घालून पुढच्याच रांगेत बसला होता. डंकन स्वतः तोंड उघडं टाकून दारात उभा होता.

प्रार्थना झाली. एकही माणूस खोकला नाही.

पाद्रीसाहेबांना मराठी चांगली येत होती. त्यांनी विचारलं, "मंडळी, डंकन माणूस कसा आहे?"

"बिडी न्हाई, तंबाखू न्हाई," आबाजी म्हणाले. "तमाशाच्या वाटंला न्हाई."

"सायकलवरून पडतो साहब," बरकत म्हणाला, "पण तोंडातून शिवी नाही. दुसरा असता तर सायकलच्या सात पिढ्या काढल्या असत्या."

"प्रकृती बरी असते?" बाईसाहेबांनी काळजीनं विचारलं.

"भाकरी खातो ते येऊन बघा," कौशल्याबाई म्हणाल्या. "थापनारीचा हात दुखतो, त्याचं तोंड दुखत न्हाई."

डंकनचे कान लाल झाले. सगळे हसले. पाद्रीसाहेबही हसले.

मग कौशल्याबाईंनी हेलनचा हात धरला. तिला बांधावरून विहिरीपर्यंत चालवत नेलं आणि तसंच परत आणलं. आल्यावर पोरांचं पुस्तक पुढे ठेवून एक धडा वाचायला लावला. पुण्यात ती नुकतीच मराठी शिकायला लागली होती. तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं, दोनदा अडखळली आणि स्वतःच खुदकन हसली. असं अगत्य तिनं कुठंच पाहिलं नव्हतं.

पाद्रीसाहेबांनी चष्मा पुसला. "खरं सांगतो," ते म्हणाले, "डंकनला परत पाठवायचं, असं मनाशी ठरवूनच मी निघालो होतो. पण एका माणसासाठी अख्खं गाव जमलेलं मी आजवर पाहिलं नाही. डंकन इथंच राहील."

डंकननं खाली बसून दोन्ही हातांत तोंड लपवलं. तो रडतोय की हसतोय, ते कुणाला कळेना. बाहेर पोरांनी उड्या मारायला सुरुवात केली.

आबाजी उठले. त्यांनी पटका नीट केला आणि कौशल्याबाईंकडे पाहिलं. कौशल्याबाईंनी मान हलवली.

"साहेब," आबाजी म्हणाले, "आमच्याकडूनबी होकार हाय."

"होकार? कशाला?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

तेवढ्यात खैरून पुढे झाली. तिनं साखरेचा पुडा हेलनच्या ओटीत ठेवला, "वैनी" म्हणून तिच्या गळ्यात हात टाकले आणि गोठ्यामागे थांबलेल्या वाजंत्र्यांना हात केला.