कुंपणापलीकडचे शब्द

“लॉक,” म्हातारा पुन्हा म्हणाला. “लॉक... ओप.”

ग्लेनिस उठली आणि तिनं खिडकीच्या काचपट्ट्या आणखी घट्ट ओढून घेतल्या. खाटेवरच्या तिच्या वडिलांनी डोळे मिटले. कोपऱ्यांतून पाणी उशीवर ओघळलं.

“सकाळपासून हेच चाललंय,” ती नुकत्याच आत आलेल्या मेधाला म्हणाली. “लॉक अप, लॉक अप. खिडकी लावली, कपाट लावलं, दारसुद्धा लावून पाहिलं. जितकं लावते तितके जास्त रडतात.”

मेधाला माधवनं, तिच्या नवऱ्यानं, बोलावून घेतलं होतं. तो ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या या हॉस्पिटलात डॉक्टर होता आणि हा म्हातारा, आक्सेल, त्याचा पेशंट. “स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलंय गं,” तो फोनवर म्हणाला होता. “लहानपणची डॅनिश तेवढी उरलीय. सिडनीहून फोनवर इंटरप्रिटर मिळेल, पण आफ्टरनूनला. तोवर काय होईल सांगता येत नाही, हार्ट फार वीक आहे. तू कॉलेजात इंग्रजीचा इतिहास शिकवतेस ना? ये जरा.”

“मला डॅनिश येत नाही,” मेधानं सांगून टाकलं.

“मलाही नाही.” ग्लेनिसची तिशी उलटली होती, पण आवाज शाळेतल्या मुलीसारखा फुटत होता. “बसमध्ये लोकांनी आमच्याकडे वळून बघू नये म्हणून बाबांनी माझ्यासमोर एक शब्द कधी काढला नाही. आता माझ्याच बाबांशी बोलायला मला फोनवरचं माणूस लागणार.”

म्हातारा परत पुटपुटला. मेधा त्याच्या तोंडाशी वाकली. या वेळी लॉक आणि ओपच्या मध्ये आणखी एक शब्द होता, सकाळपासून श्वासातच विरून जाणारा. विंदुए.

“विंडो,” ती हळूच म्हणाली. “खिडकीच म्हणतायत ते. आपला विंडो हा शब्द त्यांच्याकडूनच आलाय. वाऱ्याचा डोळा, असा मूळ अर्थ.”

“पण खिडकी बंदच आहे!”

“म्हणूनच. ओप म्हणजे ओपन असणार, उघडा म्हणतायत.”

ग्लेनिसनं काचपट्ट्यांचा दांडा खाली ओढला. एसीच्या गारव्यात समुद्राचा गरम, खारट वारा शिरला. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेल्या म्हाताऱ्यानं तो छाती भरून आत घेतला. त्याचा चेहरा सैल पडला.

ग्लेनिस मटकन खुर्चीत बसली. “मी सकाळपासून त्यांना कोंडत होते.”

“तुम्हाला कसं कळणार?” मेधानं स्टूल जवळ ओढलं. मग वर्गात बोलतो तसं नाही, शेजारणीशी बोलतो तसं ती सांगू लागली. हजारेक वर्षांपूर्वी यांच्याकडचे लोक बोटींतून इंग्लंडात आले. आधी लुटायला आले, मग शेती करून तिथेच राहिले. इंग्रजी बोलणारेही त्यांच्या आधी काही शतकं त्याच बाजूच्या किनाऱ्यांवरून आलेले. त्यामुळे शब्दांची मुळं सारखी होती, पण शेपटं वेगळी. कुंपणाच्या या बाजूचा एक प्रत्यय लावायचा, त्या बाजूचा दुसराच.

“मग बोलायचे कसे?”

“शेपटं सोडून द्यायचे. गाय विकायची असायची, मुलगी द्यायची असायची. व्याकरणासाठी कोण थांबतंय? इंग्रजीचे बरेचसे प्रत्यय त्यातच गळाले असं मानतात.” तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. “डॅड नका म्हणू त्यांना. फादर म्हणून बघा. पण शेवट गिळून.”

ग्लेनिसनं ओठ ओले केले. “फा,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याची मान वळली.

“फा,” ती पुन्हा म्हणाली आणि हात पुढे केला. “हॅन. गिव्ह.”

“हॉन,” म्हाताऱ्यानं दुरुस्त केलं. मग आपला जाडजूड हात उचलून तिच्या हातात ठेवला.

त्यानंतर मेधाला फारसं काही करावं लागलं नाही. ग्लेनिस मोडके, बोडके शब्द पुढे करत राहिली. हाउस. समर. कम. काही हवेत विरत, काही म्हातारा उचलून, थोडे वाकवून परत देई. एक तर हसूनच परत दिला.

“तुमच्या घरी कसं आहे?” ग्लेनिसनं मान न वळवताच विचारलं. “मुलं आहेत?”

“एक मुलगी. मधुवंती. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते.”

“तुम्ही बोलत राहा,” ग्लेनिस म्हणाली.

मेधानं मान हलवली. कालच कंटाळून तिनं ‘ओके, इंग्लिशमध्ये सांग’ म्हटलं होतं, ते तिला आठवलं.

दुपारी नर्सनं फोन लांब वायरीसकट खाटेपाशी आणला. मागोमाग माधवही आला. पलीकडे सिडनीतली एक डॅनिश बाई होती. ग्लेनिसनं रिसीव्हर वडिलांच्या कानाला धरला. म्हातारा भडाभडा, दम लागेपर्यंत बोलला. ग्लेनिसचा चेहरा उतरत गेला. यातलं तिला काहीच कळत नव्हतं.

तिनं रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला. “काय म्हणाले? काही दुखतंय का? काही हवंय?”

पलीकडच्या बाईचा घोगरा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“काही नकोय त्यांना. ते मला बहीण समजून म्हणतायत, आईला जाऊन सांग, माझी मुलगी बोलायला लागली.”