पहिलं पान

अकरा वर्षं सगळे अहवाल टायपिस्ट बाईंनी लिहिले. विभागप्रमुख साहेब फक्त पहिल्या पानावरचं बाईंचं नाव खोडून स्वतःचं टाकायचे. दुसरं पान उलटायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

या वेळी विषय होता, बदलत्या काळात कुठली पदं कमी करायची. "तुमच्या शेजारच्या तिघींची टाका, आणि तोंड पाडून बसू नका," साहेब म्हणाले. बाई "हो साहेब" म्हणून हसल्या. एवढं गोड त्या अकरा वर्षांत हसल्या नव्हत्या.

मीटिंगमध्ये संचालक मॅडमनी विचारलं, "अहवाल कुणी केला?"

साहेबांनी छाती फुगवली. "मीच. यातला शब्द न् शब्द माझा आहे."

कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या बाईंनी शांतपणे शेवटचं पान पडद्यावर आणलं. 'त्या तिघींशिवाय विभाग एक दिवसही चालणार नाही. विभागप्रमुख नसले तर कुणाला कळणारही नाही. सबब, विभागप्रमुख हे पद रद्द करावे.'

मॅडमनी चष्मा काढला.



"बदलाची सुरुवात स्वतःपासून करणारा साहेब आज पहिल्यांदाच पाहिला. मंजूर!"