सतरा नंबरची मुलाखत

लाखनीजवळच्या एका गावात संशोधनासाठी बायांच्या मुलाखती घेताना उर्वशीने प्रत्येकीला शब्द दिला होता, की इथलं बोलणं कोणाच्या कानावर जाणार नाही. तो तिने जिवापाड जपला. नावं खोडून नंबर टाकले, गावाचं नाव गाळलं, रेकॉर्डिंगला पासवर्ड लावला आणि तो स्वतःच्या आईलाही सांगितला नाही. त्यामुळे सहा महिन्यांनी सतरा नंबरच्या कुंताबाई एसटीने येऊन तिच्या भंडाऱ्याच्या ऑफिसात दत्त म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा तिने आधी दार लावून घेतलं.

"पोरी, मी म्हटलं होतं ना, धानाच्या बांधीत, वावरात, लेकीलेही वाटा पाह्यजे म्हून? ते आमच्या बुढ्याले, लेकीच्या बापाले, समजलं काय?"

"नाही हो मावशी, शपथ! कोणालाच नाही."

"माह्या जावेले?"

"त्यांनाही नाही."

कुंताबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं, 'कोणाले सांगू नोको' असं तीनदा बजावलं होतं मी तुले! आमच्या गावात असं एकदा म्हटलं, का सांजपर्यंत बुढ्याच्या कानात पोचते. अन् तू खरंच कोणाले नाही सांगतलं?"