टँकरची कक्षा

आजही टँकर रिकामाच आला. पाइपातून जेमतेम अर्धी घागर पाणी गळलं आणि ड्रायव्हर म्हणाला, "संपलं, मावशी."

चंद्रभागाबाईंचं घर गावाच्या पार शेवटी. गाव म्हणजे डोंगराच्या कडेनं पसरलेली एक लांबच लांब ओळ. दुष्काळात दूध आटलं, म्हणून सहकारी दूध संघ आपल्या टँकरनं पाणी वाटायचा. पण सुरुवात रोज चेअरमन मोहनरावांच्या फाटकापासून. मान होता ना त्यांचा! त्या मानापायी इकडे बाईंची गाभण गाय तहानेनं खंगली होती. येत्या बाजाराला तिला पाटोद्याला नेऊन विकायचं ठरलं होतं.

सगळा राग निघाला लेकीवर. सत्यभामा पुण्यात ताऱ्यांचा अभ्यास करायची, सुट्टीला घरी आलेली.

"सहा वर्सं झाली शिकतीस. ते तारे फिरतेत कसे, येवढं तरी कळलं का?"

सत्यभामा हसली. चुलीपुढच्या राखेत बोटानं रेघा ओढू लागली. "माय, ताऱ्यांचीबी वस्ती असती. दीर्घिका म्हणतेत तिला. ती आपल्या गावावानी लांबुडकी असली की सगळीकून ओढ सारखी नसती. मग तारा रोज त्याच वाटेनं जात न्हाई. दर फेरीला वाट जराशी सरकती. असं करत करत लई कोपरे हिंडून येतो."

बाई त्या रेघांकडे बघतच राहिल्या. मग पदर खोचला आणि तडक संघाच्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या.

"टँकर उद्या माझ्या घरापसून सुरू करा. मग सुरुवात रोज एक घर फुडं सरकवा."

"आन आमचा मान?" मोहनरावांनी मिशीवर हात फिरवला.

"आभाळात लाखो तारे फिरतेत, मोहनराव. त्यात चेअरमन एकबी न्हाई!"

बैठक खदाखदा हसली. संघाची निवडणूक तोंडावर होती, तेव्हा मोहनरावांनाही हसावंच लागलं. ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी टँकर थेट चंद्रभागाबाईंच्या दारात. हंडे भरले, रांजण भरला. गाईनं तर बादलीतून तोंडच काढलं नाही. आता कशाची विकायची! आनंदानं बाईंना रडूच फुटलं. डोळे पुसेपर्यंत टँकर शेजारच्या दाराकडे वळलाही.

त्या लगबगीनं घरात आल्या. इकडंतिकडं बघून लेकीच्या कानाशी वाकल्या.

"पोरी, तू येवढी शिकलीस. एखादा तारा हितंच थांबवता येत न्हाई का गं?"