इंचाला फूट

“नाव सांगा मला,” वेंडल लेडबेटर म्हणाला. “कुणाच्या डोळ्यांत खुपतोय माझा रॅम्प?”

जोलीन प्रुइटने टेप गुंडाळून कमरेला अडकवला. वीस वर्षं ती महापालिकेत निरीक्षक होती. कुणाच्या अंगणात गुडघाभर गवत वाढलं, कुणाची गंजकी गाडी दारात वर्षभर उभी राहिली, की शेजारी फोन करायचे आणि जोलीन जाऊन शिव्या खायची. नावाचा प्रश्न तर तिला दर आठवड्याला ऐकावा लागे.

“तक्रारदाराचं नाव सांगता येत नाही, मिस्टर लेडबेटर. आणि तक्रार कुणीही केलेली असो, उतार तेवढाच राहतो. उंचीच्या एका इंचाला एक फूट लांबी लागते. तुमचा पोर्च तीस इंच उंच आहे, म्हणजे रॅम्प हवा तीस फूट. हा दहा फुटांत संपलाय. परवानाही नाही.”

“माझ्या आईसाठी बांधलाय मी! स्वतःच्या हातांनी! आता तिच्यासाठीही परवाना?”

तो जोलीनशी बोलत होता, पण तोंड घराच्या जाळीच्या दाराकडे होतं. मग त्याने वळून शेजारच्या घरावर एक जळजळीत नजर टाकली. तिथला म्हातारा होल्कॉम पानं गोळा करता करता थांबला आणि मुकाट्याने आत निघून गेला.

जोलीनने कठड्यावरून हात फिरवला. हाताला एक कुसळही लागलं नाही. कडा घासून गोल केल्या होत्या, प्रत्येक स्क्रूचं डोकं लाकडात बसवून वर रंग दिला होता. असा जीव ओतून केलेला रॅम्प तिने पाहिला नव्हता, आणि इतका धोकादायकही.

जाळीचं दार उघडलं. व्हीलचेअरवर बसलेली इमोजीन लेडबेटर बाहेर आली. वय अठ्ठ्याहत्तर, मांडीवर घोंगडी.

“वेंडल, ओरडतोस काय? बाईंना कॉफी तरी विचारलीस का? जा, ताजी कर. सकाळची नको, ती डांबर झालीय.”

वेंडल पुटपुटत आत गेला. नळाचा आवाज येईपर्यंत म्हातारी थांबली. मग तिने जोलीनला बोटाने जवळ बोलावलं.

“तोडायला लावणार ना?”

“मला माफ करा, मिसेस लेडबेटर. तोडावाच लागेल.”

“देव पावला,” म्हातारी म्हणाली. “फोन मीच केला होता.”

जोलीन तिच्या खुर्चीजवळ आणखी सरकली.

“खाली उतरताना मी डोळे घट्ट मिटते. त्याला वाटतं, चर्चला निघालेय म्हणून प्रार्थना करते. तशी करतेच म्हणा.”

“मग त्यालाच का नाही सांगितलंत?”

इमोजीनने एकदा आत पाहिलं. “बावन्न वर्षांचा झाला, बाई. कॉलेज अर्ध्यावर सोडलं. लग्न अर्ध्यावर मोडलं. गॅरेजमध्ये एक बोट आहे, तिला बारा वर्षं तळच नाही. कारखाना बंद पडला तेव्हापासून सोफ्यावर पडून होता. मग माझं कमरेचं हाड मोडलं, आणि हा एक दिवस गाडीभर लाकूड घेऊन आला. अकरा दिवस खपत होता. जन्मात त्याने पुरी केलेली ही पहिली गोष्ट. ती चुकलीय, हे आईनं सांगायचं? तुम्ही सांगा. तुम्हाला काय, लोक शिव्या देतातच.”

जोलीनला हसू आलं. ते तिने कसंबसं दाबलं, कारण वेंडल कप घेऊन येत होता.

ती पायरीवर बसली. नोटीस लिहिली, तीस दिवसांची मुदत दिली. मग पान उलटून मागे पेन्सिलने आकृती काढली. दहा फूट सरळ, मग सपाट कट्टा, तिथून वळून पुन्हा दहा फूट, पुन्हा कट्टा, पुन्हा वळण, आणि शेवटचे दहा फूट. अंगणात बरोबर बसत होतं.

“हेच लाकूड पुन्हा वापरा,” ती म्हणाली. “बाकी लागेल ते आणा. परवान्याचा अर्ज भरायला सोमवारी ऑफिसात या, मी असते. आणि एक सांगते. इतकं नीट लाकूडकाम मी या शहरात क्वचितच पाहिलंय. फक्त लांबी कमी पडली.”

वेंडलने कागद हिसकावून घेतला. “बघितलंस ना आई? एवढं बांधलेलं सगळं तोडा म्हणतात! शहर झालंय की तुरुंग?”

“जाऊ दे रे,” इमोजीन म्हणाली. तिने हात लांब करून कठडा थोपटला. “किती छान केला होतास. सरकारपुढे आपलं काय चालणार!”

जोलीन गाडीपाशी पोचली तेव्हा मागे पावलं वाजली. वेंडल आला होता. आता तिला उरलेल्या शिव्या खायच्या होत्या. ती दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली. पण तो हातातली आकृती पाहत राहिला, मग बोटाने वळणं मोजली.

“सोमवारी किती वाजता येऊ?” त्याने विचारलं.

“नऊनंतर कधीही.”

त्याने मागे वळून पोर्चकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“तक्रार कुणी केली ते नका सांगू, मॅडम. पण त्या माणसाला माझे आभार तेवढे सांगा. गेले तीन रविवार तिची खुर्ची धरून उतरतो ना, तेव्हा ती हातातून सुटतेय की काय असं वाटतं. पण येईल-जाईल त्याला ती हा रॅम्प दाखवत होती. तोडतो म्हणून तिला कुठल्या तोंडानं सांगणार होतो मी?”